कोकमच्या पेटीतला बुरा

आम्ही शिकागोजवळच्या नेपरव्हिल गावात राहतो. येथील आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाला नोकरीनिमित्त दूरच्या राज्यात जावे लागले, आणि त्यांच्याकडची तीन वर्षांची बॉल पायथन जातीच्या सापाची मादी तिच्या काचपेटीसह सप्टेंबरच्या अखेरीस आमच्या घरी आली. वाळलेल्या आमसुलासारखा तिचा गडद रंग पाहून माझ्या बारा वर्षांच्या मुलाने तिचे नाव कोकम ठेवले. किती दिवसांनी खायला द्यायचे, हातात कसे घ्यायचे, गरम बाजूचे तापमान किती राखायचे, हे सारे त्या कुटुंबाने आम्हांला मन लावून शिकवले. पेटीच्या तळाशी पसरायच्या बेडिंगबद्दल मात्र एकच वाक्य सांगण्यात आले: महिन्यातून एकदा सगळे काढून टाकायचे आणि नवे घालायचे. सोबत ॲस्पेन लाकडाच्या सालप्यांची, म्हणजे सुताराच्या रंध्याखाली निघतात तशा पातळ भुरकट सालप्यांची, एक मोठी पिशवी होती. पुढचे पाच महिने माझे सर्वांत जास्त लक्ष या एका गोष्टीने वेधून घेतले, आणि आज कोणी साप पाळण्याविषयी विचारले तर मी खाण्याआधी बेडिंगबद्दल बोलू लागते.

बॉल पायथन हा मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला साप. घाना, टोगो, बेनिन या देशांच्या गवताळ प्रदेशात तो आढळतो. तेथे कोरडा ऋतू चांगलाच कोरडा असतो. परंतु हा साप दिवसाचा बराचसा काळ उंदरांच्या बिळांत किंवा वाळवीच्या जुन्या वारुळांत काढतो, आणि जमिनीखालची ती हवा बाहेरच्या हवेपेक्षा खूपच दमट असते. पाळलेल्या बॉल पायथनसाठी साधारण ५५ ते ७० टक्के आर्द्रता राखावी असे सांगतात. हा आकडा मी पहिल्याच आठवड्यात वाचला होता आणि पेटीच्या आतल्या भिंतीला चिकटवलेला गोल काट्याचा आर्द्रतामापक ५० दाखवत होता, त्यामुळे थोडेच कमी आहे असे मानून मी निश्चिंत राहिले.

नोव्हेंबरच्या मध्यावर कोकमचे डोळे निळसर, दुधाळ झाले. कात टाकण्यापूर्वी असे होते हे आम्हांला ठाऊक होते. सात-आठ दिवसांनी तिने कात टाकली ती तुकड्यातुकड्यांनी: शेपटीजवळ एक कडे तसेच राहिले, पाठीवर कागदासारख्या सुकलेल्या पट्ट्या चिकटून राहिल्या आणि डाव्या डोळ्यावरचे टोपणही सुटले नाही. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि कात पडताना तोही निघायला हवा. तो निघाला नाही तर घाईने ओढायचा नसतो, कारण खालच्या डोळ्याला इजा होऊ शकते. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांकडे आम्ही तिला नेले. त्यांनी तिला कोमट, ओलसर टॉवेलमध्ये काही वेळ गुंडाळून ठेवले, पाठीवरची कात हलक्या हाताने सोडवली, डोळ्याला हात लावला नाही, आणि पुढची कात नीट पडेल अशी हवा पेटीत राखा म्हणून सांगितले. घरी परतताना मी दुकानातून डिजिटल मापक आणला. जुना काटा ५० वर स्थिर होता, तर नवा मापक २८ दाखवत होता.

एवढा फरक कसा, हे समजून घ्यायला मला थोडे गणित करावे लागले, आणि ते केल्याचा पुढे फार उपयोग झाला. उणे १० अंश सेल्सिअस तापमानाची हवा वाफेने पूर्ण भरलेली असली तरी तिच्या एका घनमीटरमध्ये जेमतेम सव्वादोन ग्रॅम पाणी असते. हीच हवा घरात येऊन २१ अंशांपर्यंत तापली की तिची पाणी धरण्याची क्षमता १८ ग्रॅमपर्यंत जाते. पाणी मात्र तेवढेच राहते. म्हणजे स्वयंपाक, अंघोळी आणि माणसांचे श्वास यांतून काही भर पडली नाही तर घरातली आर्द्रता बारा-तेरा टक्क्यांवर येऊ शकते. इलिनॉयच्या हिवाळ्यात ओठ फुटतात, लाकडी जमिनीच्या फळ्यांत फटी पडतात, त्याचे कारण हेच. त्या हवेत आम्ही वरून जाळीचे झाकण असलेली पेटी ठेवली होती आणि तिच्या एका टोकाखाली हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी पातळ चटई, लावली होती. तापलेली हवा जाळीतून वर निघून जात होती आणि तिच्या जागी खोलीतली कोरडी हवा येत होती.

यावर मी जो उपाय केला तो चुकला. मी फवाऱ्याची बाटली घेतली आणि दिवसातून चार-पाच वेळा सालप्यांवर पाणी मारू लागले. जाळीवर ॲल्युमिनियमची फॉइल ताणून बसवली आणि चारही कडा चिकटपट्टीने बंद केल्या. पाण्याचे भांडे हीट मॅटच्या बाजूला सरकवले. दुसऱ्या दिवशी मापक ६५ वर गेला, तिसऱ्या दिवशी ७५ वर, आणि काचेवर सकाळी धुके दिसू लागले. मला वाटले, काम झाले.

साधारण बाराव्या दिवशी पेटी उघडली तेव्हा कुबट वास आला. पावसाळ्यात बंद राहिलेली माळ्यावरची ट्रंक उघडल्यावर येतो तसा तो वास होता. वरच्या सालप्या कोरड्या, स्वच्छ दिसत होत्या. मी पाण्याचे भांडे उचलले. खाली भांड्याच्याच आकाराचा, कापसाच्या पातळ थरासारखा पांढरा बुरा पसरला होता आणि त्याच्या कडेला हिरवट काळी पूड धरली होती. कोकमच्या लपायच्या पेटीखालीही तेच. मागच्या कोपऱ्यात सालप्यांचा एक गठ्ठा ओला होऊन घट्ट बसला होता आणि तो फोडल्यावर आतून पूड उडाली. मी तोंडाला ओढणी बांधली, मुलाला खोलीबाहेर पाठवले, कोकमला झाकणाच्या डब्यात ठेवले आणि सगळ्या सालप्या दोन पिशव्यांत भरून थेट बाहेरच्या कचऱ्यात टाकल्या.

त्या संध्याकाळी आईशी फोनवर बोलणे झाले. ती रत्नागिरीजवळच्या आमच्या गावी राहते. घरात साप ही कल्पना तिला आजही रुचलेली नाही, पण मी हकिगत सांगितल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो असा: "अगं, रोज वरून बघत होतीस, खाली हात घातला होतास का?" मग ती म्हणाली, "आगोटीचं सामान भरताना डब्याच्या तळाला ओल राहिली तर बुरा तळापासूनच धरतो. वरचे पापड कुरकुरीत लागतात आणि खालचे सादळलेले असतात. लाकडंसुद्धा आपण रचतो तेव्हा वारा खेळायला फट ठेवतोच की."

आईला बॉल पायथनविषयी काही ठाऊक नव्हते, पण माझी चूक तिने नेमकी ओळखली होती. सापाला दमट हवा हवी होती आणि मी त्याला ओले अंथरूण दिले होते. मराठीत दमटपणा आणि ओल हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि पेटीतही त्या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे मला सालप्या फेकून दिल्यावर उमगले. बुरशीचे बीजाणू सगळीकडेच असतात. हवेत, धुळीत, लाकडात, आपल्या हातांवर. ते संपवता येत नाहीत. त्यांना उगवायला टिकून राहणारी ओल, खायला काही सेंद्रिय पदार्थ, ऊब आणि न हलणारी हवा लागते. ऊब सापाला हवी असते, म्हणून ती काढून घेता येत नाही. राहिल्या तीन गोष्टी: ओल कुठे आणि किती वेळ राहते, बेडिंग कशाचे आहे, आणि हवा हलते की नाही. ॲस्पेनच्या सालप्या ओल पकडतात, एकमेकींना चिकटून बसतात आणि कुजायला सोप्या असतात. म्हणजे मी बुरशीला खाद्य, पाणी आणि बंद खोली एकदमच पुरवली होती. कोरड्या हवेत राहणाऱ्या सापांसाठी ॲस्पेन उत्तम आहे, हे येथे नोंदवायला हवे. दोष सालप्यांचा नव्हता, त्यांच्यावर पाणी मारण्याचा होता.

ओल्या अंथरुणामुळे झालेली हानी दुसऱ्या दिवशी दिसली. कोकमला उचलून पोटाकडून पाहिले तेव्हा मागच्या एक तृतीयांश भागात पाच-सहा खवल्यांच्या कडा गुलाबी-तपकिरी झालेल्या आढळल्या. ओल्या, मळक्या अंथरुणावर सतत पडून राहिल्याने पोटाच्या खवल्यांना संसर्ग होतो. वेळीच लक्ष दिले नाही तर फोड येतात आणि तो संसर्ग रक्तात उतरू शकतो. पशुवैद्यांनी छाती तपासली. तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, नाकाशी बुडबुडे येणे, श्वासाला शिट्टीसारखा आवाज येणे यांपैकी काही दिसले का, असे त्यांनी विचारले. तसे काही नव्हते. त्यांनी पातळ केलेल्या क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने त्या जागा पुसण्याची पद्धत दाखवली आणि तीन आठवडे पेटीत कागदाखेरीज काहीही ठेवू नका असे बजावले. मला त्या दिवशी फार अपराधी वाटले. ज्या प्राण्याला ओरडता येत नाही, लंगडता येत नाही, त्याच्या पोटाखाली काय चालले आहे हे आपणच उचलून पाहायचे असते आणि मी बारा दिवस ते पाहिले नव्हते.

कागदावरचे ते तीन आठवडे पुढे फार कामाला आले. पेपर टॉवेलचे दोन थर रोज बदलायचे, एवढेच काम होते. विष्ठा आणि युरेटचे, म्हणजे सापाच्या घट्ट लघवीचे, पांढरे खडे पडल्याबरोबर दिसत. पोटाचे खवले दररोज पाहता येत. कागदामुळे आर्द्रता मात्र राहत नाही. म्हणून पशुवैद्यांच्या सांगण्यावरून एक झाकणाचा प्लास्टिकचा डबा घेतला, बाजूला कोकम सहज आत जाईल एवढे गोल भोक कापून त्याची कड घासून गुळगुळीत केली आणि आत पिळून काढलेले स्फॅग्नम शेवाळ घातले. मुठीत घट्ट दाबल्यावर एकही थेंब पडणार नाही, इतपत ते ओलसर ठेवायचे. खवले भरून येईपर्यंत हा डबा दिवसातून काही तासच आत ठेवायचा होता. कोकम त्यात स्वतःहून जाऊन बसे आणि स्वतःहून बाहेर येई. सगळी पेटी दमट करण्याच्या खटाटोपात मी होते, आणि तिला त्यातली एक जागा पुरत होती.

या काळात मापकांची परीक्षा घेतली. दोन चमचे मिठात पाण्याचे इतकेच थेंब घालायचे की मीठ ओल्या वाळूसारखे होईल, विरघळणार नाही. ते बाटलीच्या टोपणात भरून मापकासह हवाबंद पिशवीत आठ-दहा तास ठेवायचे. मिठाच्या अशा संपृक्त मिश्रणावरची हवा नेहमीच्या तापमानाला ७५ टक्क्यांवर स्थिरावते. माझा एक डिजिटल मापक ७३ आणि दुसरा ७८ दाखवत होता, म्हणून त्यांच्यावर तेवढ्या फरकाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. जुन्या गोल काट्याने ५२ दाखवले. तो मी काढून टाकला. दोन मापक घेण्याचे कारणही सांगते. एकाच पेटीत २६ अंशांच्या थंड बाजूला ६० टक्के आर्द्रता असेल, तर तेवढीच वाफ असलेली हवा ३२ अंशांच्या गरम बाजूला ४२-४३ टक्केच दाखवते. एक मापक कुठेतरी मध्ये लावून पेटीची आर्द्रता अमुक आहे असे म्हणणे फसवे असते. आता एक मापक थंड बाजूला, बेडिंगपासून चार बोटे वर असतो आणि दुसरा गरम बाजूला.

मग प्रश्न आला कायमच्या बेडिंगचा. पाइनच्या आणि सीडारच्या सालप्या मी सर्वांत आधी बाद केल्या. सीडारमधली सुगंधी तेले सरपटणाऱ्या प्राण्यांना अपायकारक असतात, आणि माणसाच्या कपाटात कसर लागू नये म्हणून जे लाकूड ठेवतात ते सापाच्या नाकाखाली पसरण्यात अर्थ नाही. अक्रोडाच्या टरफलांचा भुगा आणि मक्याच्या कणसांचा भुसा दुकानात सुबक पिशव्यांतून मिळतो. पण पहिला टोचतो आणि दुसरा ओल लागताच बुरसतो. वर्तमानपत्र किंवा कागद यांवर जन्मभर साप ठेवणारे लोक आहेत आणि शेकडो साप सांभाळणाऱ्यांना तेच सोयीचे पडते, परंतु बिळात शिरण्याची सवय असलेल्या प्राण्याला पोटाखाली सरकणारे, थोडे उकरता येणारे काहीतरी असावे असे मला वाटते. सायप्रसच्या सालींचे बेडिंग चांगले असते, ओल धरूनही लवकर कुजत नाही. आमच्या जवळच्या दुकानात मिळाले त्या पिशवीत मात्र लांब अणकुचीदार काड्या इतक्या होत्या की निवडण्यात एक संध्याकाळ गेली आणि मी तो विचार सोडला. फरच्या झाडाच्या सालीचे तुकडे, जे येथे ऑर्किडच्या कुंड्यांत घालतात, तेही चांगले. मोठ्या तुकड्यांच्या फटींतून हवा खेळते, पण नुसते वापरले तर पाणी सरळ तळाला जाऊन बसते.

शेवटी मी नारळाकडे आले. दुकानातल्या फळीवर दाबलेल्या काथ्याच्या भुशाच्या विटा होत्या आणि शेजारी सोडणाचे चौकोनी तुकडे भरलेली पिशवी. आमच्या परसात सोडणांचा ढीग बारा महिने असे. बंबात घालायला, भांडी घासायला, कलमांच्या मुळाशी टाकायला सोडण लागे. मिरगाचा पाऊस पडून गेल्यावर त्या ढिगात हात घातला तर वरचा थर दोन दिवसांत सुकलेला, आतला दमट आणि तरीही कुजका वास नाही, हे मी लहानपणापासून पाहिलेले होते. सोडणात लिग्निन हा चिवट घटक भरपूर असतो आणि तो बुरशीला व जिवाणूंना सहजी पचवता येत नाही. म्हणून सोडण वर्षानुवर्षे टिकते. लिग्निन हा शब्द मला इथे आल्यावर कळला, ढीग मात्र आधीपासून ओळखीचा होता. विटा विकत घेताना एकच पाहायचे: त्यांत खत किंवा पाणी धरून ठेवणारी रसायने मिसळलेली नसावीत, कारण कुंड्यांसाठी विकल्या जाणाऱ्या काही विटांत ती असतात.

आमची पेटी ९० सेंटिमीटर लांब आणि ४५ रुंद आहे. तीन विटा घेतल्या, प्रत्येकी ६५० ग्रॅमची. एका विटेला चार लिटर कोमट पाणी लागले आणि ती फुगून आठ-नऊ लिटर भुसा झाला. तो तसाच पेटीत भरण्याची चूक बरेच जण करतात. फुगलेला भुसा सापाच्या पोटाखाली घालण्याच्या मानाने फारच ओला असतो. मी तळघरात गरम हवेच्या झरोक्यासमोर जुनी चादर अंथरली आणि तो भुसा दोन दिवस वाळत घातला, सकाळ-संध्याकाळ हाताने वरखाली केला. बाहेर बर्फ पडत असताना तळघरात वाळवण घालण्याचा तो प्रसंग मला जवळचा वाटतो. भुसा मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण पाणी सुटू नये, आणि बोटाने टोचल्यावर गोळा फुटावा, इथवर तो सुकवला. त्यात दहा लिटर सोडणाचे तुकडे मिसळले, कारण नुसता भुसा बारीक असतो, सुकला की उडतो आणि ओला झाला की दाबून बसतो. तुकड्यांमुळे त्यात हवेच्या वाटा राहतात. असा सुमारे आठ सेंटिमीटरचा थर झाला.

थर जाड झाल्यावर हीट मॅटचा प्रश्न उभा राहिला. मॅटवर जाड थर आला की उष्णता वर येत नाही आणि खालची काच मात्र वाजवीपेक्षा तापते; साप उकरत खाली गेला तर पोट भाजण्याचा धोका असतो. म्हणून मॅट काढली आणि वरून सिरॅमिकचा, उजेड न देणारा हीटर थर्मोस्टॅटसह लावला. त्याच्यामुळे हवा वरून सुकते हे खरे, पण त्याचा एक फायदा मला नंतर दिसला: बेडिंगचा वरचा थर कोरडा राहतो.

पाणी घालण्याची पद्धत पूर्ण बदलली. फवारा बंद केला. फवाऱ्याने वरचा थर भिजतो, मापक तासाभरासाठी उडी मारतो आणि पुन्हा खाली येतो. सापाच्या पोटाला मात्र ओल लागून राहते. आता मी थंड बाजूच्या दोन कोपऱ्यांत, काचेला धरून, एकेक कप पाणी हळूहळू ओतते. ते खालच्या थरात पसरते, वर दोन-तीन सेंटिमीटर भुसा कोरडा राहतो, आणि खालून वाफ संथपणे वर येत राहते. जानेवारीत चार-पाच दिवसांनी एकदा एवढे पाणी लागे. तळाशी पाणी साचता कामा नये. पेटी काचेची असल्याने बाजूने पाहता येते आणि भुशाखाली पाण्याची रेघ दिसली की पाणी जास्त झाले असे समजायचे. झाकणाच्या जाळीवरची फॉइलही मी कापली. आता जाळीचा सुमारे दोन तृतीयांश भाग झाकलेला असतो आणि समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत फटी उघड्या असतात, म्हणजे गरम बाजूने हवा वर जाते आणि दुसऱ्या बाजूने आत येते. या मांडणीत थंड बाजूला ६० ते ६५ टक्के मिळू लागले आणि काचेवर धुके धरेनासे झाले.

तरीही फेब्रुवारीत बुरा पुन्हा आला. मुलाने हौसेने द्राक्षवेलीच्या लाकडाची एक वळणदार फांदी आणली होती. ती दमट पेटीत ठेवल्यावर आठवड्याभरात तिच्यावर पांढरी लव उगवली. बेडिंग स्वच्छ होते; बुरा फक्त फांदीवर होता. द्राक्षवेलीचे लाकूड दमट जागी बुरसतेच, हे मी नंतर अनेकांकडून ऐकले. फांदी काढली आणि तिच्या जागी कॉर्क ओकच्या सालीचा पोकळ तुकडा ठेवला. त्यावरही पहिल्या आठवड्यात थोडी लव दिसली, पण ती जुन्या टूथब्रशने घासून, उकळते पाणी ओतून, कडकडीत सुकवून परत ठेवल्यावर पुन्हा आली नाही. नव्या लाकडावरची अशी पहिली लव आणि बेडिंगमध्ये खोलवर धरलेला बुरा यांत मी आता फरक करते: पहिली पुसता येते, दुसऱ्यासाठी भोवतालचे ओंजळभर बेडिंग काढून टाकावेच लागते आणि ओल तिथे का साचली ते शोधावे लागते.

याच सुमारास स्प्रिंगटेल आणले. हे मिलिमीटर-दीड मिलिमीटर लांबीचे पांढरे जीव कोळशाच्या तुकड्यांवर वाढवून डब्यातून विकतात. ते बुरशी आणि कुजणारे पदार्थ खातात आणि सापाला काहीच करत नाहीत. ओलसर कोपऱ्यात डबा रिकामा केला आणि महिन्याभरात भुसा बाजूला सारला की ते टुणटुण उडताना दिसू लागले. ते असले की विष्ठा काढायची गरज नाही, असा काहींचा समज असतो. माझ्या मते तो चुकीचा आहे. कोकमची विष्ठा दिसली की भोवतालच्या दोन ओंजळी भुशासह मी लगेच काढते. तिने न खाल्लेला, बर्फातून काढून कोमट केलेला उंदीर रात्रभर आत राहू देत नाही. पाण्याचे भांडे दर दोन दिवसांनी धुते आणि प्रत्येक वेळी त्याखालच्या भुशात बोटे घालते, कारण बुरा पहिल्यांदा तिथेच धरला होता. रिकाम्या पेटीची काच पातळ ब्लीचने धुतली तर भरपूर पाण्याने खळबळून, वास पूर्ण जाईपर्यंत सुकवून मगच वापरायची, आणि ब्लीचसोबत व्हिनेगर कधीही घ्यायचे नाही. त्या दोहोंतून क्लोरीन वायू सुटतो.

उन्हाळ्यात सगळे उलटे झाले. जुलैत इथली हवा चांगलीच दमट होते आणि मी हिवाळ्याच्या सवयीने पाणी ओतत राहिले असते तर पुन्हा तोच कुबट वास आला असता. मापक ७५ च्या वर गेल्यावर झाकणाची फॉइल पूर्ण काढली, पाणी महिनाभर जवळजवळ बंद केले आणि भुसा आठवड्यातून एकदा हाताने उकरून मोकळा केला.

पुण्यातल्या माझ्या मावसभावाने हे सगळे ऐकून, आपणही साप पाळावा का, असे विचारले होते. त्याला मी प्रथम कायदा सांगितला: भारतात आढळणारे साप घरात ठेवण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे, आणि बॉल पायथनसारखे परदेशी प्राणी वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येत असल्याने, २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार त्यांची सरकारच्या परिवेश या ऑनलाइन पोर्टलवर नोंद करावी लागते. कागदपत्रांशिवाय मिळणारा साप घेऊ नकोस, असे त्याला बजावले. मग हवेचे सांगितले. कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर बाहेरची हवाच ऐंशी-नव्वद टक्के दमट असते. तिथे पेटीत पाणी घालण्याऐवजी हवा खेळती ठेवणे आणि बेडिंगचा थर पातळ, कोरडा राखणे हेच मुख्य काम ठरेल. माझ्या पेटीचे माप आणि माझे एक कप पाणी तिथे जसेच्या तसे चालणार नाही.

यंदाच्या जानेवारीत, बाहेर उणे १८ अंश असताना, कोकमचे डोळे पुन्हा दुधाळ झाले. त्या आठवड्यात मी शेवाळाचा डबा आत ठेवला आणि कोपऱ्यांत पाणी थोडे वाढवले. आठव्या दिवशी सकाळी मुलाने हाक मारली. कॉर्कच्या सालीला लागून पूर्ण कात पडली होती, पायमोजा उलटा काढावा तशी, तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत अखंड. आम्ही ती खिडकीच्या उजेडात धरली आणि भिंगातून डोक्याचा भाग पाहिला. दोन्ही डोळ्यांची टोपणे त्यात होती. मुलाने कोकमला उचलले तेव्हा तिच्या पोटाचे खवले शेपटीपर्यंत स्वच्छ, पांढरे होते. ती त्याच्या हातात असतानाच मी पाण्याचे भांडे उचलले आणि खालच्या भुशात बोटे रुतवली. भुसा गार आणि किंचित दमट लागला, त्याला मातीचा वास होता. भांडे धुऊन भरले आणि मागच्या कोपऱ्यात अर्धा कप पाणी ओतले.